एका तारेवर दोन संच : क्षीण संकेताचे कारण कसे शोधावे

शाळाभेटीस गेलो असता अलीकडे एक तक्रार वारंवार कानी पडते. ‘साहेब, या खोलीतला टीव्ही उत्तम चालतो, पण तीच तार पलीकडच्या खोलीत नेली की चित्र अडखळते, चौकोन पडतात आणि शेवटी पडदा काळा होतो.’ हीच तक्रार शिक्षक बंधुभगिनी आपल्या घरच्या संचाविषयीही करितात. बैठकीच्या खोलीतील तार फोडून आत वृद्ध आईवडिलांसाठी दुसरा संच लावावा, तो दोन्हीकडचे चित्र बिघडावे, असा पुष्कळांचा अनुभव आहे. तक्रार एक असली तरी तिची कारणे अनेक असतात. आणि कारण न शोधता उपाय केल्यास पैसा जातो, दोष मात्र जागच्या जागी राहतो. म्हणून या विषयाची थोड्या तपशिलाने चर्चा करण्याचे योजिले आहे.

हा प्रश्न शाळेपुढे आला कसा, हे प्रथम सांगितले पाहिजे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात आपल्या देशात उपग्रहाद्वारे शिक्षणप्रसाराचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत तीन मीटर व्यासाच्या जाळीच्या डिश उभारून एटीएस-६ या उपग्रहावरील कार्यक्रम दाखविण्यात आले. त्या काळी गावास संच एकच, त्यामुळे तार वाटण्याचा प्रसंगच नव्हता. पुढे डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने मासिक शुल्क नसलेली डिशसेवा सुरू केली. मे २०२० मध्ये पीएम ई-विद्या हा कार्यक्रम जाहीर झाला व त्यात पहिली ते बारावीपर्यंत प्रत्येक इयत्तेस एक अशा बारा वाहिन्या योजिल्या गेल्या. २०२२ च्या अर्थसंकल्पात त्यांची संख्या २०० पर्यंत नेण्याची घोषणा झाली. तिसरीचा पाठ एका वाहिनीवर व चौथीचा दुसऱ्या वाहिनीवर असल्यावर दोन खोल्यांत दोन स्वतंत्र बॉक्स हवेत, हे उघड आहे. छपरावर डिश मात्र एकच असते. एकाच बॉक्समधून दोन संचांस तार दिली तर दोन्हीकडे एकच चित्र दिसणार. म्हणून वाटणी करावयाची ती बॉक्सच्या अलीकडे, डिशकडून येणाऱ्या तारेवरच करावी लागते.

दूरचित्रवाणीवरील पाठाने शिक्षकाची जागा भरून निघते, असे मी मानीत नाही. परंतु ज्या दोनशिक्षकी शाळेत एका गुरुजींना एकाच वेळी तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात, तेथे अर्धा तास एक इयत्ता पडद्यापुढे रमली तर त्या अर्ध्या तासात दुसरीतील अडखळत वाचणाऱ्या मुलास जवळ घेऊन बसता येते. तो अर्धा तास केवळ एका सदोष सांध्यामुळे बुडावा, हे मनास पटत नाही.

आता तारेकडे वळू. बाजारात ‘आरजी-सिक्स’ या नावाने मिळणारी काळी किंवा पांढरी गोल केबल सर्वांनी पाहिलेली आहे. तिचा वीतभर तुकडा कापून मुलांना अवश्य दाखवावा. मध्यभागी तांब्याच्या रंगाची ताठ तार असते. तिच्याभोवती फेसासारखे पांढरे वेष्टन, त्यावर चकचकीत पातळ पत्रा व बारीक तारांची विणलेली जाळी, आणि सर्वांवर कवच. मधली तार व भोवतीची जाळी यांचा अक्ष एकच असल्यामुळे तिला कोॲक्सियल, म्हणजे समाक्ष, असे म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० मध्ये तिचे पेटंट घेतले होते. पुढे १९२९ मध्ये अमेरिकेत लॉइड एस्पेन्शीड व हर्मन ॲफेल यांनी उच्च कंपनांचे अनेक संकेत एकाच वेळी वाहून नेणाऱ्या तारेसाठी पेटंटचा अर्ज केला.

पुष्कळांचा असा समज असतो की संकेत केवळ मधल्या तारेतून जातो आणि जाळी ही नुसती संरक्षक भिंत आहे. वस्तुतः संकेत त्या दोहोंच्या मधल्या पांढऱ्या वेष्टनातून प्रवास करितो. मधली तार हा जर एक काठ मानला तर जाळी हा दुसरा काठ होय. यावरून ध्यानात येईल की जाळी तुटली, तार दारात चिरडली, खिळ्याने दाबली गेली, काटकोनात मुडपली, किंवा आत पाणी शिरले, तर मधली तार अखंड असूनही संकेत क्षीण होतो. या केबलवर ७५ ओहम असा जो आकडा असतो तो तिच्या घडणीचा आकडा आहे, साध्या मीटरने मोजून तो मिळत नाही. जेथे ही घडण एकाएकी बदलते, तेथून संकेताचा काही भाग, बांधावर आपटलेल्या लाटेप्रमाणे, मागे परततो.

वाटणीचा हिशेब आपल्या शेतकरी पालकांस सहज समजेल असा आहे. पाटाच्या एका चारीच्या दोन चाऱ्या केल्या तर प्रत्येकीस निम्मेच पाणी मिळते. दारे धरणारा कितीही कुशल असला तरी तो पाणी वाढवू शकत नाही. संकेताची घट डेसिबल या मापाने मोजतात. ३ डेसिबल घट म्हणजे निम्मे, ६ म्हणजे पाव, १० म्हणजे एक दशांश, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे काम बेरजेचे आहे. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये ३ डेसिबल तर वाटणीतच जातात, अर्धाएक त्या उपकरणात मुरतो; म्हणून प्रत्येक तोंडास सुमारे साडेतीन डेसिबलची घट धरावी. डिशच्या उच्च कंपनांस ती थोडी अधिकच असते. चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये ही घट सुमारे सात व आठ तोंडांच्यात सुमारे अकरा डेसिबल होते. तारेतही घट होतेच. डिशकडून येणाऱ्या संकेताच्या सर्वांत वरच्या कंपनांस दहा मीटर आरजी-सिक्स तार सुमारे ३ डेसिबल खाते. खालच्या कंपनांस त्याहून कमी. अर्थात दोन तोंडांचा एक स्प्लिटर बसविणे म्हणजे दहा-बारा मीटर तार अधिक जोडण्यासारखे आहे. जुन्या घरांत भिंतीतून गेलेली तार बहुधा अधिक बारीक असते. तिच्यातील घट आणखी जास्त असते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. डिशच्या समोर जी एलएनबी नावाची डबी असते, ती आकाशातून आलेला अतिशय दुर्बळ संकेत तारेत सोडण्यापूर्वीच ५० ते ६० डेसिबलने, म्हणजे एक लाख ते दहा लाख पटींनी, वाढविते. एवढे पाणी असल्यावर चारी दुभंगल्याने शेत कोरडे पडू नये. तेव्हा तार पंधरा-वीस मीटरची असून दोन तोंडांचा स्प्लिटर बसविताच चित्र समूळ नाहीसे झाले, तर तो दोष वाटणीचा नव्हे. तो अन्यत्र शोधावा. आमचे बहुतेक शिक्षक येथेच चुकतात व ‘सिग्नल वीक आहे’ असा निकाल देऊन मोकळे होतात.

आमच्या बीटमधील एका शाळेचे उदाहरण देतो. तेथील मुख्याध्यापकांनी मोठ्या हौसेने दोन खोल्यांत दोन संच लावले होते. पूर्वेकडील खोलीत पहिली ते तिसरी, पश्चिमेकडील खोलीत चौथी व पाचवी. काही दिवशी दोन्ही संच चालत, काही दिवशी पश्चिमेचा मुळीच चालत नसे. गुरुजींनी तार बदलली. मग छपरावर चढून डिश थोडी इकडे, थोडी तिकडे फिरविली, आणि जे चालत होते तेही बंद पाडले. मी गेलो त्या दिवशी चौथीतील एका मुलीने आपण होऊन सांगितले, ‘सर, बाईंनी तिकडचा टीव्ही बंद केला की आमचा जातो.’ मोठ्यांनी सहा आठवड्यांत जे हेरले नव्हते ते तिने हेरले होते.

त्याचा उलगडा असा. एलएनबीला काम करण्यासाठी वीज लागते आणि ती वीज बॉक्सकडूनच, त्याच केबलमधून, उलट दिशेने वर जाते. संकेत खाली येतो व वीज वर जाते. काही स्प्लिटर असे असतात की त्यांच्या एकाच तोंडातून वीज वर जाऊ शकते. त्या तोंडापाशी ‘पॉवर पास’ असे कोरलेले असते. या शाळेत ते तोंड पूर्वेकडील खोलीस जोडले होते. तेथील बाई पाठ संपताच काटकसरीने भिंतीवरचे बटण बंद करीत. बॉक्स बंद, म्हणून एलएनबी बंद, म्हणून पश्चिमेकडे अंधार. सर्व तोंडांतून वीज जाऊ देणारा स्प्लिटर बसविल्यावर हा दोष गेला. फिरविलेली डिश पुन्हा जागेवर आणण्यास मात्र जाणत्या माणसास बोलवावे लागले. डिशचे तोंड बोटभर हलले तरी उपग्रह सुटतो, म्हणून दोष खाली असताना छपरावर चढू नये.

या विजेचीच आणखी एक गुंतागुंत आहे. बॉक्स कधी १३ व्होल्ट पाठवितो, कधी १८. तेरा म्हणजे उभ्या लहरींचा संकेत पाठव, अठरा म्हणजे आडव्या लहरींचा, असा तो एलएनबीस दिलेला हुकूम असतो. एका तारेवरील दोन बॉक्सनी दोन निरनिराळे हुकूम दिले, तर अधिक व्होल्टचा हुकूम चालतो व दुसऱ्याची वाहिनी नाहीशी होते. तेव्हा काही वाहिन्या दोन्हीकडे एकाच वेळी दिसतात आणि काही मात्र ‘तुम्ही लावा, नाहीतर आम्ही लावतो’ अशा आळीपाळीने दिसतात, असे आढळल्यास तो दोष या जातीचा समजावा. त्यावर साध्या स्प्लिटरचा इलाज नाही. दोन तोंडांचा एलएनबी बसवून प्रत्येक बॉक्सला डिशपासून स्वतंत्र तार न्यावी. माझे मत विचाराल तर शाळेत पहिल्यापासून हीच रीत पत्करावी. तार थोडी अधिक लागते, पण दोन वर्ग एकमेकांच्या मुठीत राहत नाहीत.

स्प्लिटर विकत घेताना त्याच्या पाठीवरील आकडे वाचावेत. केबलचालकाच्या जोडणीसाठी असलेल्या स्प्लिटरवर ‘५ ते १००० मेगाहर्ट्झ’ असे लिहिलेले असते. डिशकडून येणारा संकेत ९५० पासून २१५० मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेला असतो. पहिल्या प्रकारचा स्प्लिटर दुसऱ्या कामी लावला की मोजक्या वाहिन्या कशाबशा येतात व बाकीच्या येत नाहीत. दोन्ही डब्या दिसण्यात सारख्याच असल्याने दुकानदाराकडूनही चूक होते. तशीच एक साधी चूक म्हणजे उलट जोडणी: येणारी तार ‘इन’ असे लिहिलेल्या तोंडासच लावावी. ती चुकून ‘आउट’ला लागली तर एका ‘आउट’कडून दुसऱ्याकडे संकेत जवळजवळ जातच नाही, स्प्लिटर मुद्दाम तसाच घडविलेला असतो.

आता दोष शोधण्याच्या रीतीविषयी. पूर्वी संकेत क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या येत आणि मुंग्यांच्या दाटीवरून दुखणे किती वाढले ते कळे. आजच्या डिजिटल चित्राचे तसे नाही. संकेत काठापर्यंत येईतो ते स्वच्छ दिसते व काठ ओलांडताच कोसळते. म्हणून पडद्याकडे पाहून अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी बॉक्सच्या मेनूतील सिग्नलचे पान उघडावे. तेथे स्ट्रेंथ व क्वालिटी अशा दोन पट्ट्या असतात. त्यांतील क्वालिटीची पट्टी अधिक महत्त्वाची. निरनिराळ्या बनावटीच्या बॉक्सचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. एकच बॉक्स व एकच वाहिनी घेऊन सर्व ठिकाणी तीच वापरावी.

प्रथम स्प्लिटर काढून टाकावा आणि डिशची तार जॉइंटरने सरळ पहिल्या खोलीच्या तारेस जोडावी. आकडा वहीत लिहावा. मग तोच बॉक्स उचलून दुसऱ्या खोलीत न्यावा व तेथील तार सरळ जोडून आकडा घ्यावा. येथेच दुसरा आकडा फार खाली आला, तर स्प्लिटर निर्दोष असून दोष दुसऱ्या खोलीच्या तारेत आहे, हे सिद्ध झाले. दोन्ही आकडे चांगले आले तर स्प्लिटर बसवून एकाच तोंडास बॉक्स लावून पाहावे, मग तोंडांची अदलाबदल करावी, आणि शेवटी दोन्ही बॉक्स एकदम लावावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या व चित्र आले, तर कशाने आले ते कळत नाही आणि पुढच्या खेपेस पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ करावा लागतो. केबल सोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी बॉक्सचे बटण भिंतीवरून बंद करावे; कारण तारेत १८ व्होल्ट असताना मधली तार जाळीस टेकली तर माणसास इजा नाही, पण बॉक्सला होऊ शकते.

तारेतील दोष बहुधा टोकाशी असतो. कनेक्टर बसविताना जाळीचा केसाएवढा एक धागा आत मधल्या तारेस शिवतो आणि सर्व संकेत तेथेच अडतो. मधली तार कनेक्टरच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर बाहेर असावी. आखूड राहिली तर आतल्या पकडीपर्यंत पोचत नाही, फार लांब असली तर ती पकड फाकते. पांढरे वेष्टन कनेक्टरच्या तळाशी सपाट दिसावे. याची परीक्षा शाळेच्या विज्ञानपेटीतील सेल व टॉर्चचा बल्ब यांवर होते. तारेची दोन्ही टोके सोडवून घ्यावी, आणि सेल व बल्ब मधली तार व जाळी यांच्यामध्ये जोडावे. बल्ब लागता कामा नये; लागला तर कोठेतरी जाळी आत शिवते आहे. मग दुसऱ्या टोकाशी मधली तार व जाळी पिनेने एकमेकींस जोडावी. आता बल्ब लागला पाहिजे. न लागल्यास तार मध्ये तुटली आहे. पाचवीच्या मुलांस मंडलाचा याहून चांगला पाठ मला तरी सुचत नाही.

पावसाळ्यात आणखी एक भेद करावा लागतो. मुसळधार सर आली असता डिशचे चित्र जाते व सर ओसरताच परत येते, यात कोणाचाच दोष नाही. त्या लहरी पावसात शोषल्या जातात. परंतु पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी चित्र येत नसेल, तर सांध्यात पाणी शिरले आहे असे समजावे. असे टोक पुसून पुन्हा लावू नये. हातभर तार कापून टाकावी आणि नवा कनेक्टर बसवावा, कारण पाणी जाळीतून बरेच आत गेलेले असते. स्प्लिटर शक्यतो छपराखाली, तोंडे खाली करून बसवावा व तार आत येण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते.

राहता राहिली ॲम्प्लिफायरची गोष्ट. यात मी स्वतः फसलो असल्याने अधिकाराने बोलू शकतो. घरी केबलचालकाची जोडणी होती. मुलाच्या अभ्यासाच्या खोलीत दुसरा बॉक्स रीतसर नोंदवून घेतला आणि तार मीच ओढली. तेथे चित्र येईना. दुकानात जाऊन ॲम्प्लिफायर आणला व संचाच्या पाठीशी लावला. चित्र पूर्वीइतकेच वाईट राहिले. ॲम्प्लिफायर जे मिळेल ते मोठे करितो. संकेताबरोबर खरखरही तितकीच मोठी होते, आणि एकदा खरखरीत बुडालेला संकेत त्यातून पुन्हा वर काढता येत नाही. तो लावावयाचाच झाला तर संकेत अद्याप सशक्त आहे अशा जागी, स्प्लिटरच्या आधी, लावावा लागतो. आणि संकेत मुळात पुरेसा असेल तर वाढविल्यानेही चित्र बिघडते. माझ्या घरी खरे कारण कपाटामागे निघाले. बारा वर्षांपूर्वी वायरमनने तेथे दोन तारांची मधली टोके पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती, व जाळीची दोन्ही टोके तशीच मोकळी सोडली होती. काठ तुटलेल्या पाटातून पाणी पुढे जावे कसे? शिवाय मी चार तोंडांचा स्प्लिटर ‘पुढेमागे उपयोगी पडेल’ म्हणून बसविला होता आणि त्याची दोन तोंडे उघडी होती. त्या रिकाम्या तोंडांसाठी मी व्यर्थ साडेतीन डेसिबल मोजीत होतो. कनेक्टर व जॉइंटर लावून सांधा नीट केला, दोन तोंडांचा स्प्लिटर बसविला, आणि ॲम्प्लिफायर अजून माळ्यावर पडून आहे.

तोंड रिकामे ठेवणे भागच असेल तर त्यास ७५ ओहमचे टोपण लावावे, म्हणजे संकेत तेथून परत फिरत नाही. डिशच्या स्प्लिटरवर मात्र वीज अडविणारे टोपण मागून घ्यावे. साध्या टोपणात वीज शिरली तर ते तापून जळते.

वर सांगितलेल्या शाळेत आता प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस कापडी पट्टी बांधलेली आहे. एकीवर ‘पूर्व खोली, १४ मीटर’ आणि दुसरीवर ‘पश्चिम खोली, २२ मीटर’ असे शाईने लिहिले आहे. अक्षर त्या चौथीतील मुलीचे आहे.